साडेअठरा अक्षांशावर इक्वेटोरियल माउंट: एक मोसम वापरल्यानंतर

दिवाळीनंतर घेतलेला ईक्यू-५ वर्गातला इक्वेटोरियल माउंट (दुर्बीण पेलणारी, एक अक्ष ध्रुवाकडे रोखून ताऱ्यांमागे फिरणारी बैठक) आणि त्याचा स्टीलचा ट्रायपॉड पाऊस लागल्यावर कपाटात गेलाय. एक अख्खा मोसम वापरून झाला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. यंत्र दणकट आहे आणि पैसे वसूल आहेत. पण ते तयार होऊन येतं युरोपातल्या आकाशासाठी. पुण्यात पुस्तिकेत दिलंय तसंच जोडायला गेलात तर पहिल्याच रात्री डोकं फिरेल.

खोकी दोन येतात. एकात ट्रायपॉड. दुसऱ्यात थर्माकोलच्या खाचांत बसवलेलं माउंटचं डोकं, वजनांचा दांडा, पाच-पाच किलोंची दोन वजनं, हाताने फिरवायच्या दोन केबली आणि पिशवीभर नटबोल्ट. थर्माकोल फेकू नका, गाडीतून न्यायला तोच कामी येतो. माझ्या खोक्यात एका मापाची ॲलन की नव्हतीच. विक्रेता "पाठवतो, पाठवतो" म्हणत राहिला, शेवटी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणली.

जोडणी तशी अवघड नाही, क्रम मात्र पाळावा लागतो. डोकं ट्रायपॉडवर ठेवण्याआधी त्याचे आडवे दोन्ही स्क्रू चांगले मागे घ्या. नाहीतर ट्रायपॉडच्या माथ्यावरची खुंटी त्यांच्यामध्ये शिरत नाही आणि भागच चुकीचा आलाय असं वाटतं. मग खालून मधला बोल्ट आवळा, पायांमधला ट्रे बसवा, दांडा लावा आणि वजनं चढवा. दांड्याच्या टोकाला एक छोटा स्क्रू असतो, तो शोभेचा समजू नका. वजन निसटलंच तर पायाच्या बोटांवर येण्याआधी तोच अडवतो. वजनं आधी आणि दुर्बीण नंतर, उतरवताना बरोबर उलट.

खरी गंमत पुढे आहे. माझ्या माउंटवर अक्षांशाचा काटा पन्नाशीच्या आसपास होता, तो पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे साडेअठरावर आणायचा. पुढे एक, मागे एक असे दोन टी-बोल्ट असतात. एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळायचा नाही, कारण दोन्ही एकमेकांवर रेटले की बोल्ट वाकतो. हे काम दुर्बीण चढवण्याआधीच उरका. पट्टीवरच्या आकड्यांवर फार विसंबू नका, मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप त्याहून बरं.

ध्रुवाकडे रोखायचा अक्ष इतका आडवा झाला की वजनांचा दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो. पुस्तिकेत ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला ठेवायला सांगितलंय. पन्नास अंशांवर ते ठीक आहे, आपल्याकडे मात्र वजन नेमकं त्याच पायावर आपटतं. हाताने फिरवताना ठण्ण आवाज येऊन कळतं तरी, मोटर चालू असेल तर गिअरवर जोर येतो. माझ्या ट्रायपॉडच्या माथ्यावर दोन पायांच्या मधोमध आटे पाडलेलं आणखी एक भोक आहे. खुंटी तिथे हलवली की उत्तर दिशा दोन पायांच्या मध्ये येते आणि वजन मोकळं फिरतं. पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही. घेण्याआधी हे भोक आहे का, ते जरूर विचारा. नसेल तर एकच वजन टोकाला लावण्याऐवजी दोन्ही लावून वर सरकवायची, तेवढाच इलाज.

दुसरी अडचण ध्रुवताऱ्याची. पुण्यातून तो क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर दिसतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहूनही खालीच. आमच्या गच्चीवर तिथे पाण्याची टाकी आहे, त्यामुळे माउंटच्या अक्षातली ध्रुवदर्शक दुर्बीण घरी निरुपयोगी. उपाय जुनाच केला: ओळंबा लटकवला आणि मध्यान्हीला त्याची सावली कोब्यावर आखून घेतली, तीच उत्तर-दक्षिण रेषा. पुण्यात सरासरी मध्यान्ह घड्याळात १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास होते, तारखेप्रमाणे थोडी पुढेमागे. हे थंडीतच करा, तेव्हा सावली लांब पडते. मेच्या मध्याला शून्य सावलीच्या दिवशी आखायला सावलीच उरत नाही. होकायंत्रही चालतं, आपल्याकडे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून एका अंशाहूनही कमी सरकलेली आहे. पण ते माउंटपासून लांब धरा, नाहीतर लोखंडी वजनं काटा ओढतात. तीन पायांच्या जागी ऑइल पेंटचे ठिपके दिले आहेत, त्यामुळे दर वेळी नव्याने खटाटोप नाही.

फोटो काढायचे तर एवढ्यावर भागत नाही. मग मध्यमंडलाजवळचा (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा), खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेच्या) आसपासचा तारा रेघांच्या नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, धरून बघत बसायचं. तो दक्षिणेला सरकला तर अक्ष पूर्वेला जास्त वळलाय, उत्तरेला सरकला तर पश्चिमेला. वेळखाऊ काम आहे, पण टाकीची पर्वा नाही.

हे सगळं कशासाठी, तर एका अक्षासाठी. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीसही तबकड्या साध्या वर-खाली आणि आडव्या फिरतात, संगणक दोन्ही हालचालींचा हिशेब सांभाळतो. आपल्या माउंटचा अक्ष एकदा ध्रुवाकडे रोखला की एकाच अक्षाला गती दिली तरी पुरतं. जर्मन भिंगकार फ्राउनहोफरने १८२४ साली दोर्पातच्या (आताचं एस्टोनियातलं तार्तू) दुर्बिणीला हीच रचना दिली होती. माझ्या माउंटच्या त्या अक्षावरच्या चाकाला १४४ दाते आहेत, म्हणजे केबलीचा एक फेरा सुमारे दहा मिनिटांचं आकाश. शनी बघताना मधूनमधून बोटाने जरा फिरवलं की झालं. मोटर नंतर घेतली, ती नुसत्या बघण्यासाठी गरजेची नाही.

एप्रिलमध्ये मावळात नेला तेव्हा पैसे फिटले. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्याकडून दक्षिणेला चोवीस अंशांपर्यंत वर येतो. मोठ्या भिंगाखालीही तो जागचा हलला नाही आणि सोबतच्या सगळ्यांनी रांगेने आरामात पाहिला.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. चाक आणि त्याला फिरवणारा स्क्रूसारखा दांडा (वर्म) यांच्यात थोडी ढिलाई होती, ती दोन छोट्या स्क्रूंनी कमी करता येते, पण जास्त आवळलं की फिरणं जड होतं. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब केले तर वाऱ्यात थरथरतात, मी ते आखूडच ठेवतो आणि बसून बघतो. वजनांसह सगळं वीस किलोंच्या आसपास जातं. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय आणि फक्त बाल्कनीतून चंद्र बघणार असाल तर याच्या वाटेला जाऊ नका, साधा डॉब्सोनियन (वर-खाली आणि आडवी फिरणाऱ्या साध्या बैठकीवरची दुर्बीण) घ्या.

टी-बोल्टांवर जूनच्या आतच गंजाचे ठिपके आले. आता तेल लावून, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवलाय. ऑक्टोबरआधी दोन्ही बोल्ट त्याच मापाचे स्टेनलेस स्टीलचे करून घेणार आहे, लेथवाल्याला माप देऊन ठेवलंय.