अकारा की मोई मोई: घरी कुठलं करावं?

नायजेरियात लागोसला नव्याने आलेल्या मराठी घरांमध्ये हा प्रश्न हमखास निघतो, की इथलं चवळीचं काही करून बघायचं तर अकारापासून सुरुवात करावी का मोई मोईपासून. चवळी भिजवून, सालं काढून, कांदा-मिरचीबरोबर वाटली आणि तळली की अकारा, वाफवली की मोई मोई, हे एव्हाना तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेलच. मी दोन्ही करतो, दोन्ही आवडीने खातो, त्यामुळे एकाला वाईट म्हणायचा प्रश्नच नाही. पण घरी करायचं म्हटलं की माझं मत एका बाजूला झुकतं, ते का ते सांगतो.

आधी सालांचं. बहुतेक जण त्यालाच घाबरतात, पण ते काम दोन्हीकडे सारखंच आहे, मग त्यावरून कशाला ठरवायचं? चवळी थोडा वेळ भिजवून मिक्सरला अगदी एक-दोन झटके द्यायचे, हाताने चोळायची, भरपूर पाणी ओतून वर तरंगणारी सालं ओतून टाकायची, असं चार-पाच पाण्यांत काम होतं. बाजारात ओलोयिन जातीची चवळी मिळाली तर तीच घ्या, तपकिरी आणि चवीला गोडसर असते, एक डेरिका (बाजारातलं डब्याचं माप) घेतली तरी चार माणसांना पुरून उरते. आणि भारतात परत गेल्यावर करणार असाल तर तिथे सालं काढलेली चवळीची डाळच मिळते, म्हणजे तेही काम वाचलं.

आता अकारा. चांगला अकारा बाहेरून कुरकुरीत आणि आतून जाळीदार लागतो, आणि ती सगळी करामत हवेची आहे. पीठ घट्ट वाटायचं, पाणी जेमतेम, मग हाताने किंवा लाकडी चमच्याने चांगलं फेसायचं, इतकं की ते हलकं होऊन फुगतं. मीठ अगदी शेवटी, कांदाही तळायच्या आधीच घालायचा, कारण दोन्हींनी पाणी सुटतं आणि फेसलेलं पीठ बसतं. माझं सगळं अडतं ते इथेच. हे पीठ थांबत नाही. पाहुणे वीस मिनिटं उशिरा आले (आणि लागोसच्या ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही) की ते खाली बसतं, मग कितीही गरम तेलात सोडा, अकारा घट्ट होतो आणि तेल पितो. बरं, वेळेवर तळायला घेतला तरी कढईत एका वेळी मावतात सहा-सात, पहिला घाणा टेबलावर गेला की लगेच दुसरा, आणि गार झालेल्या अकारात काही राम नसतो, त्यामुळे आधी सगळे तळून ठेवू आणि मग एकत्र बसू असंही करता येत नाही. आमच्याकडे अकाराच्या दिवशी तळणारा माणूस, मी असो की बायको, कधीच बाकीच्यांबरोबर बसून खात नाही. शनिवारी सकाळी सगळे घरात असतात, तेवढं एकच सकाळचं खाणं निवांत एकत्र होतं, आणि तेव्हाच एकाने गॅससमोर उभं राहायचं हे मला काही पटत नाही.

शिवाय अकारा रस्त्यावर इतका चांगला मिळतो की घरी कशाला करा असंही वाटतं. सकाळी मोठी कढई मांडून बसलेली बाई गिऱ्हाईक येईल तसं थोडं थोडं पीठ फेसत राहते आणि तळते, तिचा हात आपल्याला येणं कठीण. मऊ अगेगे ब्रेडमध्ये (इथला पाव) दाबून घ्या नाहीतर गरम ओगीबरोबर, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पेजेबरोबर, खा. अकाराचा मान मोठा आहे हे मलाही मान्य. सत्तरी ओलांडलेलं माणूस गेलं की अकारा तळून शेजारच्या घरोघरी वाटायची इथल्या योरुबा लोकांची जुनी पद्धत होती. आणि गुलाम करून समुद्रापार नेलेल्या लोकांबरोबर तो ब्राझीलच्या बाहियात गेला, तिथे तो पाम तेलात तळून विकणाऱ्या बायकांच्या कामाला 2005 साली राष्ट्रीय वारसा म्हणून मान मिळाला. बाहियात मोई मोईसारखंच केळीच्या पानातलं अबाराही करतात, म्हणजे ही जोडी तिकडेही सुटली नाही.

मोई मोईच्या अडचणी वेगळ्या आहेत. वेळ लागतो, पाऊण तास ते तास वाफ द्यावी लागते, गॅस जळतो. पीठ पातळ असतं, त्यात तेल आणि ताताशेचा, म्हणजे मोठ्या लाल मिरचीचा, लाल रंग. तुम्ही शाकाहारी असाल तर बाहेरची मोई मोई विचारल्याशिवाय खाऊ नका, वाळवलेल्या बारीक कोळंबीची पूड, ज्याला इथे क्रेफिश म्हणतात, ती बहुतेक वेळा असतेच, आणि आत अंडं किंवा मासा. घरी केली की हा प्रश्नच मिटतो.

राहिलं पान. एवे एरान नावाची मोठी पानं बाजारात जुडीने मिळतात (याच झाडाच्या फळातून थॉमॅटिन काढतात, साखरेपेक्षा हजारो पटींनी गोड). दोन पानं एकावर एक ठेवून कोन वळायचा, टोक मागे दुमडून मुठीत घट्ट धरायचं, पीठ ओतायचं, वरचा भाग दुमडायचा आणि पानांचे देठ पातेल्यात तळाला अंथरून त्यावर पुडी टेकवायची. पहिल्यांदा थोडं गळतं, पण हात बसतो. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा वाटीत केली तरी शिजते, पण हळदीच्या पानातल्या पातोळ्यांना जसा वास उतरतो तसा पानातल्या मोई मोईला उतरतो, आणि उघडल्यावर पानाच्या शिरा वर उमटलेल्या दिसतात. मला तरी वाटीतली फिकी वाटते.

आणि एकदा पातेल्यावर झाकण ठेवलं की तुम्ही मोकळे. पाहुणे उशिरा येऊ देत, मोई मोई वाट बघते. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधली गार मोई मोई थंड पाण्यात भिजवलेल्या गारीबरोबर (कसावा या कंदाचा भाजलेला रवा), वर साखर आणि मूठभर शेंगदाणे, हे तर मला गरम मोई मोईपेक्षाही जास्त आवडतं.

घरात दोघंच असाल आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या कढईतून काढून खाणार असाल तर खुशाल अकारा करा, मजा येईल. चार जण बसणार असतील तर मी पानं आणायला सांगेन.