हॉपरला १ टनाचा लोडसेल की २ टनाचा?

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री (धातू ओतकामाचा कारखाना) चालवणाऱ्या एका मित्राचा हा प्रश्न. हॉपर, म्हणजे माल साठवून खालून सोडणारं नरसाळ्यासारखं पात्र, तीन पायांचा, रिकामा ६०० किलो, आत वाळू १५०० किलो. प्रत्येक पायाखाली एक लोडसेल, म्हणजे भार मोजणारा सेन्सर. म्हणजे एका सेलवर सरासरी ७०० किलो, त्यात वाळू ५००.

अचूकतेत १ टनवाला सरस. २ मिलीव्होल्ट प्रति व्होल्टचा (पुरवठ्याच्या दर व्होल्टमागे पूर्ण भाराला २ मिलीव्होल्ट सिग्नल देणारा) सेल, १० व्होल्ट पुरवठा धरला तर पूर्ण क्षमतेला २० मिलीव्होल्ट मिळतात. त्यातले वाळूच्या वाट्याला १ टनात १० आणि २ टनात फक्त ५. सिग्नल मोठा तितकं वजन बारकाईने कळतं. रिकाम्या हॉपरचं वजन इंडिकेटरवर (वजन दाखवणाऱ्या यंत्रावर) शून्य करता येतं, पण सेलची क्षमता ते खातंच. हे बरेच जण विसरतात.

टिकण्यात मात्र २ टनवाला पुढे. सेल साधारण दीडपट भार सोसतो, पण वरून माल आदळला की क्षणभराचा धक्का स्थिर वजनाच्या कितीतरी पुढे जातो. चार पायांच्या हॉपरला आणखी एक भानगड: पाया जरा वरखाली असला की बहुतेक भार तिरक्या समोरासमोरच्या (कर्णावरच्या) दोनच पायांवर येतो.

किमतीत या दोघांत सहसा फार फरक नसतो, तो निकष सोडा.

वाळू हळू सुटत असेल आणि बॅचचं माप काटेकोर हवं असेल, तर १ टनच घ्या, सोबत ओव्हरलोड स्टॉपर (जादा भार सेलवर येऊ न देणारा अडसर) लावून. क्रेनने भंगार टाकायचं असेल, किंवा चार पाय नि ओबडधोबड पाया असेल, तर २ टन. तिथे दोन-तीन किलोंनी काही बिघडत नाही.