नववीतच दहावीची तयारी करून घेणारा वर्ग: दोन वर्षांनंतरचा अभिप्राय

आठवीची वार्षिक परीक्षा संपण्यापूर्वीच नाशिकमधील क्लासचालक पालकांना फोन करू लागतात, आणि अलीकडे त्यांचा सगळा भर ‘नववी-दहावी एकत्रित’ अशा दोन वर्षांच्या वर्गावर असतो. माझी मुलगी सेमी-इंग्रजी माध्यमातून अशाच एका वर्गात दोन्ही वर्षे शिकली आणि 2025 मध्ये राज्य मंडळाची दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. वर्गाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण चौकशीसाठी आम्ही ज्या ज्या ठिकाणी गेलो तेथील योजना थोड्याफार फरकाने हीच होती. तेव्हा ज्यांच्या घरी यंदा आठवीतले मूल आहे त्यांना हा अभिप्राय कोणत्याही अशा वर्गासाठी ताडून पाहता येईल.

दोन वर्षांची फी साधारण पाऊण लाख रुपये, तीन हप्त्यांत. त्यात गणित, विज्ञान आणि इंग्रजी हे विषय, छापील नोट्स आणि टेस्ट सिरीज. इतिहास व भूगोल मात्र दहावीच्या दुसऱ्या सत्रात घाईघाईने उरकले जातात. एका तुकडीत चाळीस मुले, रोज संध्याकाळी दोन तास आणि रविवारी सकाळी चाचणी. एप्रिलमधील व्हेकेशन बॅचपासून सुरुवात करून नववीचा अभ्यासक्रम दिवाळीपर्यंत संपवायचा, दिवाळीनंतर दहावीला हात घालायचा, पुढच्या जूनपासून तोच पोर्शन पुन्हा शिकवायचा आणि जानेवारीपासून केवळ उजळणी करायची, अशी ही आखणी आहे. प्रवेशाच्या वेळी कार्यालयातील बाईंनी 2021 च्या निकालाचा दाखला दिला होता. करोनामुळे त्या वर्षी दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकालात नववीच्या गुणांना निम्मे महत्त्व मिळाले, ही गोष्ट खरीच आहे. परंतु महामारीतील एका वर्षाची तडजोड दाखवून पालकांच्या मनात धास्ती निर्माण करणे आणि त्यावर वर्ग विकणे मला तेव्हाही रुचले नव्हते.

असे असले तरी लवकर सुरुवात करण्यात अर्थ नाही, असे माझे म्हणणे नाही. या वर्गाने आमच्या मुलीला जे सर्वांत मोलाचे दिले, ते नववीच्या पहिल्या सहा महिन्यांतच दिले आणि ते म्हणजे भूमिती. भूमिती शिकवणारे सर वयस्क, आवाज हळू, आणि फळ्यावरच्या अक्षरात कमालीचे टापटीप. ते फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढत. डावीकडे विधान आणि उजवीकडे त्याचे कारण. ‘समांतर रेषा’ या प्रकरणात दोन कोन एकरूप आहेत असे लिहून पुढे कंसात ‘व्युत्क्रम कोन’ किंवा ‘संगत कोन’ असे कारण न लिहिणाऱ्या मुलाची वही, उत्तर बरोबर असले तरी, लाल वर्तुळ होऊन परत येत असे. पक्ष, साध्य आणि सिद्धता या तीन पायऱ्या वेगवेगळ्या लिहिल्याशिवाय सर पुढचे वाचतच नसत. पहिल्या महिन्यात मुलगी या शिस्तीला वैतागली, मात्र दहावीत ‘समरूपता’ आणि ‘वर्तुळ’ ही प्रकरणे आली तेव्हा तिला प्रमेये पाठ करावी लागली नाहीत, कारण एका विधानातून दुसरे कसे निघते ते तिला दिसत होते. शाळेतल्या साठ मुलांच्या तुकडीत प्रत्येकाच्या वहीकडे असे लक्ष देणे शिक्षकांना शक्य होत नाही, आणि म्हणून या एका गोष्टीसाठी क्लास लावणे योग्य होते, असे मी आजही म्हणेन.

बीजगणिताच्या बाबतीत मात्र वर्गाचे धोरण मला पटले नाही. नववीच्या पुस्तकातील ‘संच’ हे पहिलेच प्रकरण “दहावीला नाही” असे सांगून दोन तासांत गुंडाळण्यात आले. आता दहावीत ‘संभाव्यता’ शिकताना नमुना अवकाश आणि घटना या दोन्ही गोष्टी संचाच्याच रूपात लिहायच्या असतात, आणि अकरावीला गणित घेणाऱ्याला तर संच पुन्हा भेटतातच. याउलट ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ दोन्ही वर्षांच्या पुस्तकांत असल्यामुळे वर्गाने ती नववीतच क्रेमरच्या पद्धतीपर्यंत शिकवून टाकली. मुलांना निश्चयक मांडून उत्तर काढता येऊ लागले. पण शाब्दिक उदाहरणातून समीकरण कसे तयार करायचे, हा जो खरा नववीचा भाग, तो कच्चाच राहिला. परिणामी दहावीच्या सहामाहीत आमच्या मुलीचे गुण नेमके वयाच्या आणि वेग-अंतराच्या गणितांत गेले. दहावीत लागणारे नववीत पक्के करून घेणे म्हणजे तयारी. दहावीचे नववीत उरकून टाकणे ही निव्वळ घाई. या वर्गाला हा फरक भूमितीत कळला होता, कदाचित त्या एका सरांमुळे, पण इतरत्र कळला नव्हता.

विज्ञानात ही घाई अधिक महागात पडली. नववीतील ‘द्रव्याचे मोजमाप’ या प्रकरणात संयुजेवरून रेणुसूत्रे लिहायला शिकवतात, आणि त्यावरच दहावीतील ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ उभे असते. तसेच ‘गतीचे नियम’ समजल्याशिवाय ‘गुरुत्वाकर्षण’ समजत नाही आणि नववीतल्या ओहमच्या नियमाशिवाय दहावीतील विद्युतधारेचे परिणाम. मॅडमना हे ठाऊक नव्हते असे नाही. परंतु दिवाळीची मुदत कार्यालयाने ठरवलेली, त्यामुळे संयुजेसाठी चार दिवस आणि त्यानंतर तयार उत्तरांच्या नोट्स. पुढे नोव्हेंबरमध्ये गुरुत्वाकर्षण सुरू झाले तेव्हा शाळेत अजून नववीचे दुसरे सत्र चालू होते, आणि मुले एकाच आठवड्यात दोन इयत्तांच्या दोन वह्या घेऊन फिरत होती. वर्गात प्रयोगाचे साहित्य अजिबात नाही. विज्ञानाच्या 100 पैकी 20 गुण शाळेकडे असतात, त्यामुळे क्लासला त्याची फिकीर वाटत नसावी, पण भिंगासमोर मेणबत्ती धरून पडद्यावर उलटी प्रतिमा एकदा पाहिलेल्या मुलाला किरणाकृती वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

टेस्ट सिरीजविषयी माझे मत संमिश्र आहे. दहावीच्या वर्षी ती फार उपयोगी पडली. गणिताच्या प्रत्येक भागाची लेखी परीक्षा 40 गुणांची आणि दोन तासांची असते, आणि तिच्यात कृती पूर्ण करण्याचे प्रश्न ठरलेले असतात. चौकटी भरून सिद्धता पुरी करायची असताना हुशार मुले त्या चौकटी बाजूला ठेवून स्वतःच्या रीतीने अख्खे उदाहरण सोडवतात आणि वेळही घालवतात, गुणही. वर्गात उत्तरपत्रिका चार दिवसांत तपासून मिळत, आणि समासात गुण कुठे व का कापले ते नेमके लिहिलेले असे. एवढी काळजी मला इतर कोणत्याही चौकशीत आढळली नाही. नववीत मात्र दर रविवारी याच धर्तीची चाचणी घेण्याचे प्रयोजन मला कळले नाही. त्यातच प्रत्येक चाचणीनंतर सर्व मुलांच्या गुणांची क्रमवार यादी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पडत असे. तक्रार केल्यावर “बाकी पालकांनाच हवी असते” असे उत्तर मिळाले, आणि दुर्दैवाने ते खरेही असावे. चौदा वर्षांच्या मुलाचा अडतिसावा क्रमांक चाळीस घरांत रविवारी रात्री वाचला जावा, याने त्याची तयारी कशी वाढते, हे मला कोणी समजावून सांगावे.

भाषांकडे या वर्गाचे पूर्ण दुर्लक्ष आहे. इंग्रजी आहे, पण तेही व्याकरण आणि ठरावीक पत्रांपुरते. मराठी आणि हिंदी किंवा संस्कृत यांबद्दल “त्यात गुण मिळतातच” हा एकच सूर. वास्तविक अंतिम टक्केवारी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर निघते आणि भाषांचे मिळून 300 गुण असतात. मराठी कुमारभारतीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत 24 गुण केवळ उपयोजित लेखनाला आहेत: पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, निबंध. हे लेखन दहावीच्या जानेवारीत नोट्स वाचून येत नाही. त्यासाठी नववीचे निवांत वर्ष हीच योग्य वेळ असते. आमच्याकडे हे काम शाळेच्या मराठीच्या बाईंनी केले. दर पंधरवड्याला एक उतारा आणि एक पत्र त्या तपासून देत, आणि त्यासाठी त्यांनी एक पैसाही घेतला नाही. चित्रकलेचेही असेच. इंटरमीजिएट ग्रेड परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत श्रेणीनुसार वाढीव गुण मिळतात आणि ती नववीपर्यंत देऊन मोकळे होता येते, पण या परीक्षेसाठी क्लासला दोन दिवस दांडी मारायला परवानगी मागितली तेव्हा कपाळाला आठ्या पडल्या.

नियमांबाबत थोडे सांगणे आवश्यक आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत 16 वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, भ्रामक हमी देऊ नये आणि विद्यार्थ्याने मध्येच वर्ग सोडल्यास उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करावी, असे म्हटले आहे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली असल्यामुळे नववीचे वर्ग पूर्वीसारखेच भरत राहिले. आमच्या पावतीच्या मागे “एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही” ही ओळ तशीच छापलेली होती, आणि तत्त्वांचा उल्लेख केला तेव्हा “ते कोटावाल्यांसाठी आहे” असे ऐकवण्यात आले. रस्त्याच्या कोपऱ्यावरील गुणवंतांच्या फ्लेक्सबद्दलही तेच. आमच्या मुलीचा फोटो निकालानंतर न विचारता लावला होता. फोन केल्यावर उतरवला, हे नमूद करायला हवे.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर दहावीच्या वर्षाची फी वसूल झाली, नववीची अर्धीच झाली. ज्या मुलाचे आठवीपर्यंतचे अपूर्णांक, गुणाकार सूत्रे आणि त्रिकोणाचे गुणधर्म डळमळीत आहेत, त्याला नववीत गणितासाठी चांगल्या शिक्षकाची जोड जरूर द्यावी. ज्याचे हे बरे आहे, त्याला नववीत अशा एकत्रित वर्गाची गरज नाही. बालभारतीची दोन्ही वर्षांची पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि दहावीच्या प्रकरणासमोर नववीचे कोणते प्रकरण त्याखाली येते हे पालकाने एकदा पेन्सिलीने लिहून ठेवले तर मे महिन्याची सुट्टी पुरेशी कामी येते. प्रवेश घ्यायचाच असेल तर डेमो लेक्चरवर विसंबू नये. तो तास खास तयार केलेला असतो. त्याऐवजी नववीच्या चालू तुकडीत मागच्या बाकावर अर्धा तास बसू द्यावे अशी विनंती करावी, आणि ज्या शिक्षकांसाठी आपण येत आहोत ते वर्षभर शिकवणार आहेत का, हे लेखी विचारून घ्यावे. केवळ गणिताला, तेही एकाच वर्षासाठी, प्रवेश मिळतो. माहितीपत्रकात ते कुठेही छापलेले नसते, पण आग्रह धरल्यास कार्यालयातून निमूटपणे वेगळी पावती फाडून दिली जाते. आमच्या शेजाऱ्यांनी यंदा तसेच केले आणि एकत्रित फीच्या चौथ्या हिश्श्यात त्यांचे काम झाले. दुसरा हप्ता दिवाळीच्या आत मागतात, म्हणून हा निर्णय सहामाहीचे पेपर हातात येताच घ्यावा.