बोटातली जपमाळ: दहा मणी, कुणालाही न दिसणारे

माउंट मेरीच्या जत्रेतल्या एका स्टॉलवर ही स्टीलची अंगठी ६० रुपयांना घेतली. कडेने दहा उंचवटे, वर छोटासा क्रूस. पूर्ण रोझरीसाठी, म्हणजे मणी मोजत म्हणायच्या मरियामातेच्या जपासाठी, पाच फेऱ्या करायच्या.

मी रोज वसईहून चर्चगेटला जाते. आधी ५९ मण्यांची माळ लोकलमध्ये सगळ्यांसमोर काढायचे. शेजारच्या बायका आदराने सरकून जागा द्यायच्या आणि मला ते आवडायला लागलं होतं. तेच मनाला खुपलं. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, चर्चमध्ये बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायातून वाचतात: दान, प्रार्थना, उपवास, तिन्ही गुप्तपणे करा, पिता पाहतो. दरवर्षी ऐकत होते, यंदा लागलं.

आता हात ओढणीखाली असतो. बोरिवली येईपर्यंत दोन फेऱ्या होतात, कुणाला पत्ताही नसतो. आयर्लंडमध्ये कॅथलिकांवर निर्बंध होते तेव्हा लोक अशीच दहा मण्यांची माळ बाहीत लपवायचे म्हणे. त्यांना भीती होती, मला मोह.

घेताना क्रूसाच्या कडा बोटाने तपासा. माझ्या अंगठीची एक कड धारदार आहे, ओढणीचा धागा अडकतो. माप थोडं सैलच घ्या, उन्हाळ्यात बोटं सुजतात.