अग्निसुरक्षेचं प्रशिक्षण: बाहेरून तज्ज्ञ बोलवावा की आपलीच माणसं तयार करावीत?

कॉलेजात अग्निसुरक्षेचं प्रशिक्षण घ्यायचं ठरलं की समितीपुढे साधारण तीन प्रस्ताव येतात. पहिला, बाहेरची संस्था किंवा अग्निशमन दलातले अनुभवी अधिकारी बोलावून एक दिवसाचं शिबिर. दुसरा, इमारतीतल्याच कर्मचाऱ्यांमधून मजलेवार माणसं नेमायची, त्यांना तयार करायचं आणि वर्षभर सराव त्यांच्याकडून करून घ्यायचा. तिसरा, ऑनलाइन कोर्स. आमच्याकडे हे तिन्ही होऊन गेले आणि समितीत नाव असल्यामुळे तिन्हींची धावपळ माझ्या वाट्याला आली. आगीचे वर्ग (म्हणजे काय पेटलंय यावरून पडणारे प्रकार), आग विझवायच्या सिलिंडरचं पिन ओढा-नेम धरा-दाबा-फिरवा, लिफ्ट वापरू नका, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितोय.

ऑनलाइनचं आधी उरकून टाकतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी तो कोर्स खरंच उपयोगी आहे. कुठलं रसायन हवा लागताच पेटतं, सोडियमच्या आगीवर पाणी का चालत नाही, हे शांतपणे वाचायला मिळतं आणि कुणी काय पूर्ण केलं याची नोंद आपोआप राहते. त्या नोंदीला कागदी काम म्हणून हिणवू नका. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २९ डिसेंबर २००८ रोजी टर्ट-ब्युटाइल लिथियम हे हवा लागताच पेटणारं रसायन हाताळताना एका तरुण संशोधक साहाय्यिकेच्या कपड्यांनी पेट घेतला. अंगात लॅब कोट नव्हता. १६ जानेवारी २००९ ला तिचा मृत्यू झाला, आणि पुढच्या सरकारी चौकशीत प्रशिक्षणातल्या उणिवांवर ठपका आला. तेव्हा लॅबवाल्यांना कोर्स द्याच. बाकीच्यांचं म्हणाल, तर व्हिडिओ एका खिडकीत चालू असतो आणि माणूस दुसऱ्या खिडकीत मार्कलिस्ट भरत असतो. शिवाय व्हिडिओतली इमारत तुमची नसते. तिचे सगळे कॉरिडॉर मोकळे असतात.

खरी निवड उरते ती शिबिर आणि घरची माणसं यांत.

शिबिराच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. प्रत्यक्ष आग पाहणं हा मोठा भाग. ट्रेमध्ये पेटवलेल्या इंधनासमोर दोन पावलांवर उभं राहिल्यावर चेहऱ्याला जी धग लागते, ती कुठल्याही स्लाइडवरून कळत नाही. हातातला पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत, कधी त्याहूनही लवकर संपतो, हे कितीही सांगा, कानावरून जातं. हातातच रिकामा झाला की पटतं. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा कर्णा इतका गार पडतो की तो उघड्या हाताने धरायचा नाही, हेही तिथेच शिकायचं. तो वायू विरला की निखारा पुन्हा पेटू शकतो, म्हणून ज्वाला दिसेनाशी झाली तरी पाठ फिरवायची नाही, हे प्रशिक्षक करून दाखवतो तेव्हा मागच्या रांगेतले मोबाइल खाली जातात.

शिबिराचा दुसरा फायदा कुणी माहितीपत्रकात छापत नाही, पण मला तो मोलाचा वाटतो. बाहेरचा माणूस प्राचार्यांना तोंडावर सांगू शकतो. जिन्याखाली उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत, हे आमच्या स्टोअरकीपरने अनेकदा सांगितलं होतं. तेच वाक्य गणवेशातल्या पाहुण्याने चहा पिता पिता उच्चारलं आणि गठ्ठे हलले. पिकतं तिथे विकत नाही, याला इलाज नाही.

आता ज्या गोष्टीने माझा कल फिरला ती. ती क्षुल्लक वाटेल. शिट्टी.

शिबिरात इमारत रिकामी करण्याचं प्रात्यक्षिक असतंच. पण ते सुरू होतं प्रशिक्षकाच्या शिट्टीने, किंवा मेगाफोनवर ‘चला, आता आग लागली आहे’ या घोषणेने. इमारतीचा स्वतःचा अलार्म कुणी वाजवत नाही. कारणं रास्त असतात. अलार्मच्या नियंत्रण पॅनेलला हात लावायला देखभालीच्या कंत्राटदाराचा माणूस हजर हवा. अलार्म वाजला की, जोडणी तशी असेल तर, लिफ्ट तळमजल्यावर येऊन थांबते, चुंबकाने उघडे धरलेले दरवाजे मिटतात, कार्ड लावून उघडणारी कुलुपं सुटतात, आणि हे सगळं पुन्हा जागेवर आणायला कुणीतरी लागतं. पाहुण्या प्रशिक्षकाने ही जबाबदारी का घ्यावी? म्हणून शिट्टी. सगळे मुख्य जिन्याने हसत-खेळत खाली येतात, मैदानावर फोटो होतो, अहवालात वेळ नोंदली जाते.

पुढे एका कामाच्या दिवशी दुपारी आमच्याकडे खराच अलार्म वाजला. वेल्डिंगचा धूर डिटेक्टरपर्यंत पोहोचला होता, इतकंच. पण त्या काही मिनिटांत जे पाहिलं ते मनातून गेलं नाही. वर्गातून डोकी बाहेर आली आणि प्रत्येकजण दुसऱ्याला विचारत होता, ‘हे काय वाजतंय?’ कुणाला ती लिफ्टची तक्रार वाटली, कुणाला परीक्षा विभागाची नवी घंटा. एका सहकाऱ्याने शांतपणे वर्गाचं दार लावून घेतलं, आवाजाचा त्रास होतो म्हणून. यातल्या बहुतेकांकडे शिबिराचं प्रमाणपत्र होतं. सिलिंडर चालवण्यात त्यांना कुणी नावं ठेवली नसती. आपल्या इमारतीचा धोक्याचा आवाज मात्र त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता.

तेव्हापासून कुठलंही प्रशिक्षण मी एका कसोटीवर तोलतो: त्यात इमारतीचा स्वतःचा अलार्म वाजतो का? ती सगळ्यांना लागू पडेल असा आग्रह नाही.

मजलेवार माणसांच्या पद्धतीत ही अडचण आपोआप सुटते, कारण पॅनेल आपलं, कंत्राटदार आपल्या ओळखीचा आणि वेळ आपल्या सोयीची. पण खरा फायदा दुसऱ्या जिन्याचा आहे. प्रत्येक जुन्या इमारतीत एक असा जिना असतो, जो नकाशात दिसतो आणि पायाखाली कधी येत नाही. १९७३ मध्ये आयल ऑफ मॅन बेटावरच्या समरलँड या करमणूक केंद्राला आग लागून ५० माणसं गेली. वाचलेल्यांच्या जबान्या जोनाथन साइम या मानसशास्त्रज्ञाने नंतर अभ्यासल्या, तेव्हा दिसलं की लोक ओळखीच्या वाटेकडे आणि आपल्या माणसांकडे वळतात. आत आले त्या दाराकडे पाहुण्यांचा ओढा होता. आपत्कालीन दार वापरण्याकडे तिथल्या कर्मचाऱ्यांचा कल जास्त होता, कारण त्यांना ते माहीत होतं. म्हणजे बाणाच्या हिरव्या पाटीपेक्षा पायाची सवय जास्त काम करते. ही सवय मैदानावर लागत नाही. त्यासाठी त्या जिन्यानेच उतरावं लागतं आणि त्याच्या तळाशी असलेला दांडा स्वतःच्या हाताने दाबून दार उघडावं लागतं. आमच्या मजलेवाल्यांनी पहिल्या फेरीतच शोध लावला की एका मजल्यावर त्या जिन्याचं धूर अडवणारं दार कचऱ्याच्या डब्याने कायम उघडं ठेवलेलं आहे, आणि तळाचं दार बाहेर लावलेल्या मोटारसायकलींमुळे अर्धंच उघडतं. शिबिराच्या अहवालात या जिन्याच्या नावापुढे ‘उपलब्ध’ असं लिहिलेलं होतं.

दुसरा मुद्दा, पहिलं कोण उठतं हा. बिब लॅटाने आणि जॉन डार्ली यांचा १९६८ सालचा प्रयोग विद्यार्थ्यांवरच झाला होता, म्हणून इथे सांगतो. कोलंबिया विद्यापीठातले विद्यार्थी प्रश्नावली भरत बसलेले असताना खोलीत धूर सोडला. एकटा असलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी बाहेर जाऊन कळवलं. सोबत दोन जण ठरवून निर्विकार बसवले, तेव्हा फक्त १० टक्के उठले. बाकीचे डोळे चोळत प्रश्नावली भरत राहिले. भरलेला वर्ग म्हणजे नेमकी हीच खोली. तिथे एकाने जरी ठामपणे ‘वह्या ठेवा, मागच्या जिन्याने चला’ म्हटलं तर वर्ग हलतो. तो एक माणूस रोज त्या मजल्यावर असणारा हवा, वर्षातून एकदा येणारा नको.

कुणाला नेमायचं यावर मात्र थोडं भांडावं लागतं. परिपत्रकात हटकून विभागप्रमुखांची नावं येतात. विभागप्रमुख बैठकीत असतात, दौऱ्यावर असतात. माझ्या पाहण्यात सगळ्यात चांगले ठरले ते लॅब अटेंडंट, ग्रंथालयातल्या मावशी आणि प्रवेशद्वारावरचे सुरक्षारक्षक. ते दिवसभर जागेवर असतात आणि कुठली किल्ली कुणाकडे आहे हे त्यांनाच माहीत असतं. संध्याकाळच्या पाळीला वेगळी माणसं लागतात, हे विसरलं जातं. व्हीलचेअरवरच्या विद्यार्थिनीला तिसऱ्या मजल्यावरून कसं आणायचं, तिने जिन्याजवळच्या कुठल्या सुरक्षित जागेत थांबायचं आणि सोबत कोण राहील, हे तिलाच विचारून आधी ठरवता येतं. शिबिरात हा विषय ‘दिव्यांगांना मदत करा’ एवढ्या एका ओळीत संपला होता.

घरच्या पद्धतीचे दोषही सांगायला हवेत, आणि ते किरकोळ नाहीत. एक म्हणजे ज्ञान पातळ होत जातं. पहिल्याने नीट शिकून घेतलेलं असतं, त्याच्याकडून दुसरा शिकतो, आणि तिसऱ्यापर्यंत ‘विजेच्या आगीवर आधी थोडं पाणी मारलं तरी चालतं’ असलं काहीतरी पोहोचतं. दुसरं, विद्यार्थी दरवर्षी बदलतात. जुलैत शिकवलेलं पुढच्या जुलैत नव्या चेहऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून.

तिसरा दोष सगळ्यात गंभीर. आपला अलार्म आपल्या हातात आला की तो जास्त वाजवायचा मोह होतो. न्यू जर्सीतल्या सीटन हॉल विद्यापीठाच्या बोलँड हॉल वसतिगृहाला १९ जानेवारी २००० रोजी पहाटे साडेचारच्या सुमाराला आग लागली. तीन विद्यार्थी गेले, पन्नासहून अधिक माणसं जखमी झाली. त्याआधीच्या काळात तिथे खोटे अलार्म इतक्या वेळा वाजले होते की खरा वाजला तेव्हाही कित्येक मुलं अंथरुणातून उठलीच नाहीत. त्यानंतर न्यू जर्सीने वसतिगृहांना स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच छतातून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा, सक्तीचे केले. म्हणजे आवाज ओळखीचा हवा, पण इतका ओळखीचा नको की कानच बंद व्हावेत. आमच्या पुरता उपाय असा निघाला: सराव सत्रातून एकदा, आणि तोही खऱ्या अलार्मने. मात्र त्याआधी खोटे अलार्म का वाजतात ते शोधून बंद करणं. पँट्रीच्या दाराशी बसवलेला धूर-डिटेक्टर दुसरीकडे हलवला, न्हाणीघराची वाफ लागणारा बदलला, तेव्हा अलार्मची पत परत आली. हे काम शिबिराच्या कुठल्याही प्रस्तावात नव्हतं आणि असायचं कारणही नाही.

मग काय घ्यावं? दोन्ही घेता आले तर प्रश्नच मिटतो: मजलेवाल्यांना आणि लॅबवाल्यांना शिबिर, बाकी सगळ्यांना घरचा सराव. आम्ही अखेर तिथेच आलो. पण बहुतेक ठिकाणी वेळ आणि मंजुरी एकाचीच मिळते, म्हणून सांगतो. तुमच्याकडे वर्कशॉप, केमिस्ट्रीचे मजले, मोठं स्वयंपाकघर असेल आणि सुरुवात शून्यापासून असेल, तर पहिल्या वर्षी शिबिर घेणं शहाणपणाचं ठरेल. तिथे छोटी आग जागच्या जागी विझवणाऱ्या हातांना किंमत आहे. वर्ग, ग्रंथालय, कार्यालयं आणि विशेषतः वसतिगृह असेल, तर मी तरी घरच्या माणसांकडे झुकेन. या इमारतींत बहुतेकांनी सिलिंडरला हात लावण्यापेक्षा लवकर आणि योग्य जिन्याने बाहेर पडणं महत्त्वाचं, आणि वसतिगृहातली वाईट वेळ पहाटेची असते, जेव्हा तिथे फक्त रेक्टर आणि रखवालदार जागे असतात, तेही असले तर. हे माझ्या दोन-तीन इमारतींवरून बनलेलं मत आहे. तुमची इमारत वेगळी वागू शकेल.

शिबिरच घ्यायचं ठरवलंत, तर दरपत्रकावर सही करण्याआधी त्या संस्थेला एवढंच विचारा: प्रात्यक्षिक आमच्या पॅनेलवरून, आमच्या अलार्मने, मागच्या जिन्याने आणि वर्ग चालू असताना कराल का? कंत्राटदाराचा माणूस आम्ही हजर ठेवतो. काही जण हो म्हणतात. तसा कुणी भेटला तर वर शिबिराविरुद्ध लिहिलेल्यातलं अर्धं सोडून द्या आणि त्यालाच बोलवा.