केनिया, नेपाळ की अक्कलकोट तालुका? उन्हाळ्याची सुट्टी मिशनला द्यायची असेल तर हे वाचा

मागच्या रविवारी चर्चची उपासना सुटल्यावर आमच्या तरुण संघातल्या दोघांनी मला गेटपाशी गाठलं. एक नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी आणि एक बी.कॉम.चा मुलगा. दोघांच्या मोबाईलवर एकच पोस्टर, मे महिन्यात केनिया मिशन ट्रिप, तीन आठवडे, जागा थोड्याच, अॅडव्हान्स लवकर भरा. दादा, जाऊ का, एवढंच विचारलं त्यांनी. उन्हात उभं राहून दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून आज सविस्तर लिहितोय, म्हणजे दुसऱ्या कुणाला हाच प्रश्न पडला असेल तर त्यालाही उपयोग होईल.

मी तिन्ही केलंय. बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला असताना २०१७ च्या मे मध्ये केनिया, २०१९ ला नेपाळ, आणि २०२२ पासून दर उन्हाळ्यात आपल्याच सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोट तालुक्यातलं दुधनीच्या अलीकडचं एक गाव.

आधी पैशाचं बोलू कारण घरी पहिला प्रश्न तोच येतो. केनियाला मला सगळं मिळून १ लाख ३२ हजार लागले, विमान, संस्थेची फी, इन्शुरन्स, लस, सगळं धरून. नेपाळला १९ हजार. अक्कलकोटला पाच आठवड्यांचे साडेतीन हजारसुद्धा झाले नाहीत, त्यातही निम्मे एसटीचे. आता केनियाचे पैसे माझ्याकडे नव्हतेच, ते आमच्या चर्चच्या मंडळीनं उभे केले. कापणीच्या सणाच्या लिलावात एका काकांनी साधा भोपळा अकराशेला घेतला, फक्त मला पैसे मिळावेत म्हणून. आणि आमच्या चर्चच्या एक मावशी आहेत, सोलापूरच्या पूर्व भागात राहतात, विड्या वळतात, त्यांनी एका पाकिटात दहा-दहाच्या नोटा घालून दोनशे रुपये दिले आणि त्या नोटांना तंबाखूचा वास येत होता. नैरोबीला विमानतळावर पैसे बदलायला खिशात हात घातला तेव्हा ते रिकामं पाकीट हाताला लागलं, वास तसाच होता. तेव्हापासून कुणी मिशन ट्रिपच्या पैशाचं बोललं की मला पहिल्यांदा ते पाकीट आठवतं, आणि एवढे पैसे घेऊन आपण तिथं नेमकं काय केलं हा हिशोब मी स्वतःशी मांडतो.

तर काय केलं ते सांगतो. किसुमूच्या बाजूला व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या गावांत मेडिकल कॅम्प घ्यायचे असा प्लॅन होता. रोज नवीन गाव. एका गावात साठीच्या एक बाई रांगेत होत्या, मी मशीन लावलं तर बीपी १९० वर ११०. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. बाईंनी माझे दोन्ही हात धरून आशीर्वाद दिला. मी फार्मसी शिकत होतो, बीपीची गोळी दहा दिवसांची नसते हे मला पक्कं माहीत होतं, आणि अकराव्या दिवशी त्या कुणाकडे जाणार हे टीममधल्या कुणालाच माहीत नव्हतं कारण आम्ही दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात होतो. ही तक्रार एका संस्थेवरची नाहीये, तिथली माणसं मनापासून काम करणारी होती, पण तीन आठवड्यांच्या ट्रिपची आखणीच अशी असते की आपण येतो आणि जातो.

केनियात चांगलं काय मिळालं तेही सांगायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. तीन-साडेतीन तासांची उपासना आणि एक माणूस कंटाळलेला नाही. बुआना असिफिवे, म्हणजे प्रभूची स्तुती असो, म्हटलं की सगळं चर्च आमिना म्हणतं, अंगावर काटा येतो. चहा दुधाचा, त्याला तेही चायच म्हणतात, चपातीला चपाती. आणि एक गोष्ट मी कधी विसरणार नाही, तिथं मला कुणी आडनाव विचारलं नाही. आपल्याकडं गावात पाय ठेवला की पाव्हणं कुठलं, आडनाव काय, आणि आडनावावरून पुढचं सगळं ओळखायचं. तिथं मी फक्त भारतातून आलेला भाऊ होतो. विशीतल्या पोराला हे एकदा अनुभवायला मिळणं फार मोठी गोष्ट आहे. पण आम्ही उतरलो होतो त्या घरात आम्हा पाहुण्यांना पलंग देऊन घरची माणसं पंधरा दिवस जमिनीवर झोपली हेही मी पाहिलंय, आणि तुम्ही गेलात तर तुमच्यासाठीही कुणीतरी झोपेल हे लक्षात असू द्या.

नेपाळचं वेगळं होतं कारण तिथं आम्हाला बोलावणं आलं होतं. पुण्यात ईश्वरविज्ञान शिकून गेलेले एक नेपाळी पाळक (पास्टर), पोखऱ्याकडचे, त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की आमच्या हॉस्टेलमधल्या नववी-दहावीच्या पोरांना गणित-विज्ञान शिकवायला पाच आठवडे कुणी येईल का. तिकडं शाळेचं वर्ष एप्रिलच्या मध्याला वैशाखात सुरू होतं त्यामुळं मे मध्ये शाळा चालू असते, मी संध्याकाळी शिकवायचो. काम ठरलेलं, माणसं ठरलेली, आणि मी परत आल्यावर तेच वर्ग पुढं घ्यायला त्यांचा एक तरुण शिक्षक होता जो रोज माझ्या शेजारी बसायचा. मला विचाराल तर केनिया आणि नेपाळ यातला खरा फरक एवढाच, बाकी सगळं दुय्यम.

भाषेचा फायदा पण मोठा. नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळं पहिल्याच उपासनेत गीतांचं पुस्तक हातात घेऊन मी सगळ्यांबरोबर गात होतो, अर्थ निम्मा कळत होता पण अक्षर न अक्षर वाचता येत होतं. चपला बाहेर, खाली सतरंजीवर बसायचं, जयमसी म्हणायचं, अगदी आपल्या खेड्यातल्या चर्चसारखं. फक्त उपासना शनिवारी, कारण तिकडं सुट्टी शनिवारची असते. सोबत नेलेली शेंगा चटणी आणि कडक भाकरी तिसऱ्या दिवशीच हॉस्टेलच्या पोरांनी संपवली.

पण नेपाळला जाणाऱ्यांनी कायदा नीट समजून घ्या, इथं हलकं घेऊन चालत नाही. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत कलम २६ मध्येच दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या त्यांच्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. म्हणजे पत्रकं वाटणं, रस्त्यावर साक्ष देणं, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल लोकांना सांगणं, हे तुम्ही उत्साहात करून परत याल आणि भोगायचं तिथल्या मंडळीला. कुठली संस्था तुम्हाला नेपाळला पत्रकं वाटायला नेत असेल तर सरळ नाही म्हणा.

कागदपत्रांचं थोडक्यात. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार कार्ड चालतं. विमानानं जाणार असाल तर १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार चालत नाही, बरेच जण इथंच अडकतात. केनियाला पासपोर्ट तर हवाच, शिवाय २०२४ पासून आधी ऑनलाईन परवानगी काढावी लागते. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रावरच घ्या, ते पिवळं कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावरून तुम्हाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. सरोवराच्या बाजूला मलेरिया आहे, त्याच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारूनच जा. आणि टुरिस्ट म्हणून जाऊन तिथं औषधं देणं, इंजेक्शन देणं विद्यार्थ्यांनी करू नये. सोलापुरात जे करायची परवानगी नाही ते किसुमूत जाऊन कसं चालेल? नर्सिंगवाल्यांनी हे खास लक्षात घ्या.

आता अक्कलकोट. सोलापूरच्या मे महिन्याबद्दल सोलापूरकरांना काय सांगायचं, ४२-४३ डिग्री, टँकरची वाट बघणारं गाव, दुपारी १२ ते ५ बाहेर पडता येत नाही. भाषा कन्नड, म्हणजे परदेशात गेल्यावर मुक्यासारखं बसावं लागतं तसं इथंही पहिले आठ दिवस बसलो, भाषांतराला दहावीतली एक पोरगी होती. सकाळी ७ ते ९ मुलांचा अभ्यास, संध्याकाळी वयस्कर माणसांचं बीपी आणि शुगर बघायचं, एवढंच काम. जायच्या आधी सरपंचांना आणि शाळेच्या हेडमास्तरांना भेटून आम्ही ख्रिस्ती आहोत, अमुक चर्चचे आहोत, अमुक काम करणार हे स्पष्ट सांगितलं, आणि आईबापाला विचारल्याशिवाय एकाही मुलाला गोष्टी-गाण्यांना बसवलं नाही. लपवून काही करायचं नाही, खाऊ देऊन तर अजिबात नाही.

तिथं एक अज्जी आहे. पहिल्या आठवड्यात तिचं बीपी १७८. गोळी आम्ही दिली नाही, तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी चालू केली, गावातल्या आशाताईंना, म्हणजे आशा कार्यकर्तीला, सांगून ठेवलं. एका चाळीस पानी वहीत मी तारखेसमोर आकडा लिहायचो, १७८, १६२, १५४, १४६. जूनमध्ये पाऊस पडल्यावर गेलो, १३८. दिवाळीनंतर गेलो, वही तिनं डब्यातून काढून माझ्यासमोर ठेवली, आशाताईंनी पुढचे आकडे लिहिले होते. केनियातल्या त्या बाईंचं मला नावसुद्धा माहीत नाही.

पण जवळच्या कामाची एक खरी अडचण आहे, ती लपवत नाही. घर जवळ असतं. लग्नसराई असते, आत्याच्या मुलीची हळद, मामाचा फोन, आईचं दोन दिवस येऊन जा रे, आणि पाच आठवडे म्हणता म्हणता पंधरा दिवस होतात. २०२२ ला आमच्या सहा जणांतले शेवटपर्यंत दोघंच राहिलो. परदेशात गेलं की परतीचं तिकीट असतं, राहावंच लागतं, देवाबरोबर एकटं बसावं लागतं, आणि ते ज्याला घरी जमतच नाही त्यानं लांब जावं, त्यात चूक काही नाही.

काही वडीलधारे म्हणतात ट्रिप कसली, पूर्वीचे लोक आयुष्य द्यायचे. यात तथ्य आहे. १८०६ साली अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी पाऊस-विजांत गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थनेला बसले, त्यातून चार वर्षांत अमेरिकन बोर्ड ही परदेशात मिशनरी पाठवणारी संस्था उभी राहिली, त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ ला मुंबईत उतरला, मराठी शिकला आणि १८२६ ला नाशिकजवळ पटकीनं गेला, मायदेशी परतला नाही. आपल्या सोलापुरातली मिशनची चर्चं आणि शाळा त्याच अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून आलेल्या, म्हणजे आपण सगळे एका अर्थी त्या कॉलेजच्या पोरांचेच फळ. आणि चर्चच्या बाहेरचं उदाहरण पाहिजे तर आपले डॉ. कोटणीस घ्या, १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, बाकीचे परतले, हे राहिले, चिनी शिकले, १९४२ ला तिथंच गेले. विद्यार्थी असताना जाण्याला माझा विरोध नाही, उलट सुरुवात तिथूनच होते. पण भाषा शिकायची तयारी आणि परत त्याच माणसांकडं जायची तयारी नसेल तर तीन आठवडे आपल्याला फार काही देतात आणि त्यांना फारसं काही देत नाहीत.

म्हणून पोस्टर टाकणाऱ्यांना हे विचारा. तिथल्या कुठल्या मंडळीनं बोलावलंय, आणि त्या पाळकांशी माझं फोनवर बोलणं करून द्याल का? आधीची टीम त्याच गावात गेली होती का, आता तिथं काय चालू आहे? मी भरलेल्या पैशातले तिथं किती पोचतात? मुलींसाठी सोबत अनुभवी ताई कोण आहे, झोपायची सोय कुठं, आणि पासपोर्ट माझ्या हातात राहणार ना? पासपोर्ट लीडरकडं जमा करा म्हणाले तर जाऊ नका, इथं माझं मत बदलत नाही. फोटोंचंही विचारा, परक्यांच्या लेकरांचे फोटो आईबापाला न विचारता स्टेटसला ठेवणारी टीम असेल तर बाकीच्या गोष्टीही तशाच असतात.

दोघांना माझं उत्तर. नर्सिंगवाल्या ताईनं या मे मध्ये अक्कलकोटला यावं, कोर्स आणि रजिस्ट्रेशन पूर्ण झालं की मग एखाद्या मिशन हॉस्पिटलबरोबर सहा महिन्यांसाठी परदेशात जावं, तेव्हा तिच्या हातात काहीतरी असेल. बी.कॉम.च्या भावानं नेपाळच्या पाळकांशी बोलावं, हॉस्टेलचे हिशोब बसवून द्यायला कुणीतरी पाहिजे असं ते मागेच म्हणाले होते, आणि त्यांनी ये म्हटलं तरच निघावं. केनियाला या वर्षी दोघांनीही नको. त्या संस्थेनं वरच्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली तर पुढच्या वर्षी मी स्वतः मंडळीत तुमच्यासाठी दानार्पणाचं बोलेन.

पासपोर्टचा अर्ज मात्र दोघांनी याच महिन्यात करा, फी १५०० आहे आणि पोस्टातलं पासपोर्ट केंद्र सोलापुरातच आहे. आधी दहावीचं सर्टिफिकेट आणि आधार शेजारी ठेवून नाव बघा, आपल्यात घरचं नाव एक आणि बाप्तिस्म्याचं एक असतं, तिथं घोळ होतो.

शनिवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं मी गावाला जाणारच आहे, ताईला यायचं असेल तर आईला घेऊन ये, आईनं जागा बघितलेली बरी. बीपीचं मशीन मी आणतो, वही अज्जीच्या डब्यात आहे.