५०० स्पाइनचे कार्बन बाण : पावसाळा आणि हिवाळा वापरून झाल्यावर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेले, ४.२ मिलिमीटर आतील व्यासाचे डझनभर कार्बन शाफ्ट (बाणांचे दांडे) मी अजूनही वापरतो आहे आणि त्यांच्याविषयी ठामपणे काही सांगण्याइतका काळ आता लोटला आहे. माझे धनुष्य रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले, असून पूर्ण ताणल्यावर बोटांवर साधारण ४० पाउंड भार येतो. कार्बन बाणांविषयी जे वाचायला मिळते, त्यातील पुष्कळसे अमेरिकेतील शिकाऱ्यांसाठी लिहिलेले असते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच उरलेला नाही. त्यामुळे रुंद पात्यांची टोके आणि खोल घुसणारे जड बाण यांची चर्चा वगळूनच ते वाचावे. स्पाइनचे, म्हणजे बाण किती ताठ वा लवचीक आहे याचे, गणित मात्र शिकाऱ्यालाही तेच आणि बालेवाडीच्या मैदानावर सराव करणाऱ्यालाही तेच.

दुकानदार सर्वप्रथम सरळपणाचा, म्हणजे शाफ्ट सरळ रेषेपासून किती ढळतो याचा, आकडा सांगतात. ०.००६ इंचापेक्षा ०.००३ चांगला आणि ०.००१ सर्वोत्तम, अशी ती चढती भाजणी असते आणि किंमतही तशीच चढत जाते. माझे मत असे झाले आहे की मध्यम पातळीच्या तिरंदाजाने हे पैसे वाचवावेत आणि डझनातील सर्व शाफ्ट एकमेकांशी किती जुळतात, याकडे लक्ष द्यावे.

ते तपासण्याची सोय घरीच करता येते. २८ इंच, म्हणजे सुमारे ७११ मिलिमीटर अंतरावर दोन आधार ठेवून त्यांवर शाफ्ट आडवा ठेवायचा, मधोमध ८८० ग्रॅमचे वजन टांगायचे आणि तो किती वाकतो ते मोजायचे. अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर वाकला तर तो ५०० स्पाइनचा. आकडा जितका मोठा, तितका बाण लवचीक. भोसरीच्या एका वर्कशॉपमधून डायल गेज मागून आणून मी प्रत्येक शाफ्ट पाव-पाव फेरा फिरवत मोजला, तेव्हा छापील आकड्यापासूनचा फरक किरकोळ निघाला. परंतु एकाच शाफ्टची एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे ताठ असल्याचे काहींच्या बाबतीत दिसले. त्या ताठ बाजूवर पेन्सिलने खूण करून सर्व नॉक (बाणाच्या मागच्या टोकाला दोरीवर बसणारी खाच) त्याच बाजूशी जुळवून बसवल्यावर, ग्रुपपासून, म्हणजे एकत्र पडणाऱ्या बाणांच्या झुबक्यापासून, सतत फटकून पडणारे दोन बाण निमूटपणे रांगेत आले. वजनासाठी ओळखीच्या सोनाराचा काटा उपयोगी पडला. तयार बाण सुमारे साडेएकवीस ग्रॅमचा भरतो आणि सर्वांत जड व सर्वांत हलक्या बाणात जवळपास अर्ध्या ग्रॅमचा फरक आढळला, जो या किमतीत मला जास्त वाटतो.

जुळवणीची सुरुवात पूर्ण लांबीच्या शाफ्टपासून आणि १२० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक) पॉइंटपासून, म्हणजे बाणाच्या पुढच्या टोकापासून, केली. उजव्या हाताने ताणणाऱ्याचा बिनपिसांचा बाण पिसे लावलेल्या बाणांच्या उजवीकडे पडला तर तो लवचीक पडतो आहे आणि डावीकडे पडला तर ताठ, असे समजायचे. माझा बराच उजवीकडे जात होता. शाफ्ट पाव-पाव इंचाने कापत २८.५ इंचांवर आणल्यावर आणि पॉइंट १०० ग्रेनचा केल्यावर तो ग्रुपच्या कडेला येऊन टेकला. उरलेले अंतर प्लंजरची (धनुष्यावर बाणाला बाजूने टेकणाऱ्या खुंटीची) स्प्रिंग किंचित कडक करून मिटले. बिनपिसांचा बाण वर पडत असल्यामुळे नॉकिंग पॉइंटही (दोरीवर बाण बसवण्याची जागा) जरासा वर घ्यावा लागला. ही खालीवरची दुरुस्ती आधी उरकावी, म्हणजे डावे-उजवे नीट वाचता येते. १२० ग्रेनला बाणाचा तोल मध्यापासून लांबीच्या १५ टक्के पुढे होता, आता तो १३ टक्क्यांच्या आसपास आहे आणि ७० मीटरवर साइट (धनुष्यावरची नेम धरण्याची खूण) थोडी वर नेता आली, हा जास्तीचा लाभ.

कापणी वेगाने फिरणाऱ्या अपघर्षक चकतीवर, नाकावर मास्क बांधूनच करावी. पाइप कटरने तंतू फाटतात. पॉइंट बसवताना शाफ्टला आच दाखवू नये. कमी तापमानाला वितळणारा गोंद वापरला असेल, तर पॉइंट पुढे कधी काढायचा झाल्यास गरम पाण्यात बुडवून निघतो.

पावसाळ्यात ओल्या फोमच्या टार्गेटमधून बाण उपसताना पिसांचा गोंद सुटण्याचा त्रास झाला, शाफ्टला काही झाले नाही. तरीही ॲल्युमिनियमचा बाण वाकून दोष दाखवतो तसे कार्बनचे नसते; आतून तडकलेला बाण दिसायला अगदी शाबूत असू शकतो आणि सुटताना फुटला तर त्याच्या चिरफळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. म्हणून दुसऱ्या बाणावर किंवा लाकडी चौकटीवर आदळलेला प्रत्येक बाण मी दोन्ही हातांत धरून कानाजवळ हलकेच वाकवतो, पिळतो आणि त्यावरून कापसाचा बोळा फिरवतो. बोळ्याचे तंतू नॉकच्या बाजूला अडकले म्हणून एक बाण मी मोडून टाकला. वरून त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

बाकीचे अकरा चालू आहेत. पुढील डझन घेताना स्पाइन हीच ठेवीन, सरळपणा ०.००६ चाही चालेल; मात्र वजनाने निवडून जुळवलेला संच मिळत असेल, तर त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजण्याची माझी तयारी आहे.